दोन पास, एक बाक

आमच्या जत गावात रेल्वे येत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र जत आहे. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गावापासून कोसांच्या अंतरावर आणि चहूकडून माळाने वेढलेले 'जत रोड' नावाचे स्थानक उभे आहे. ज्या गावाचे नाव आपण मिरवतो ते गाव आपल्या फलाटावरून दिसतही नाही, याची खंत त्या स्थानकाला आजवर कधी वाटल्याचे ऐकिवात नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरून एक चिमुकली गाडी सुरू केली. ती १९०६ साली पंढरपुरास पोहोचली आणि १९२७ साली मिरजेस. हलक्या रुळांवरून जड ओझे वाहून नेण्याची जी युक्ती त्या गृहस्थाला बार्शीच्या माळावर साधली, तीच त्याने पुढे आपल्या मायदेशी, स्टॅफर्डशायरातील लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याच्या रेल्वेत १९०४ साली योजली. तेव्हा युरोपच्या आगगाडीने आमच्या मुलखाकडून निदान एक धडा घेतलेला आहे, एवढा अभिमान बाळगण्यास जतकरांना हरकत नसावी.

युरोपच्या आगगाडीचा विषय आमच्या घरात निघाला तो मुलीच्या आमंत्रणावरून. ती जर्मनीत स्टुटगार्टला असते, आणि येत्या वैशाखात आम्ही उभयतांनी तिच्याकडे यावे, असे तिने लिहिले. जाण्याविषयी दुमत नव्हते. फिरावे कसे याविषयी मात्र असे दुमत झाले, की ज्याच्या हयातीची हयात महसूल खात्यात गेली त्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनालाही त्याचा निवाडा करता येईना. माझे मन बसले होते युरेल पासावर, जो युरोपबाहेरच्या रहिवाशांना १९५९ सालापासून मिळत आला आहे, ज्याच्या अमलाखाली आज तेहेतीस देश येतात आणि ज्यात साठी उलटलेल्यांना दहा टक्के सूट आहे. व्हिएन्ना, प्राग, ॲमस्टरडॅम अशी नावे मी नकाशावर तांबड्या शाईने जोडूनही ठेवली होती. आमच्या सौभाग्यवतींनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना भूगोल शिकवला असल्याने नकाशाची भूल त्यांना पडत नाही. मुलीच्या घरी महिनाभर निवांत राहावे, जवळपासची गावे पाहावीत आणि शेवटी स्वित्झर्लंडची सरोवरे पाहून परतावे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी जर्मनीचे मासिक तिकीट त्यांना पुरेसे वाटत होते, जे २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ च्या आरंभी ५८ युरोंवर गेले, आणि ज्यावर देशभरच्या साध्या गाड्या, ट्राम व शहरबस चालतात, परंतु वेगवान गाडीत पाऊल ठेवता येत नाही. सरोवरांसाठी स्विस लोकांचा निराळा पास होताच. एका दांपत्याचे असे दोन निरनिराळे परवाने झाले, तर ते दांपत्य एका बाकावर बसणार कसे, हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

तो तसाच लोंबकळत ठेवून मार्गशीर्षात आम्ही घराबाहेर पडलो. गुड्डापूरच्या दानम्मादेवीचे दर्शन बरेच दिवस राहिले होते. तेथून विजापूर, विजापुराहून आगगाडीने पंढरपूर आणि पंढरपुराहून जत रोड, अशी ही फेरी आमच्या ओळखीच्या मुलखातली असली तरी आम्ही दोघांनी मिळून ती कधी केलेली नव्हती.

जतच्या स्टँडवर गाडी लागली आणि आमची सांपत्तिक स्थिती एकच असूनही शासनाच्या दृष्टीने आम्ही दोन निराळे इसम आहोत, याचा प्रत्यय पहिल्याच तिकिटाला आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकास २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीत भाडे माफ आहे, आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे. कंडक्टर कोवळा पोरगा होता. माझे आधारकार्ड निरखून त्याने शून्य रुपयांचे तिकीट यंत्रातून काढले आणि ते इतक्या अदबीने माझ्या हाती ठेवले, की पूर्वी संस्थानिकाच्या हातून इनामाची सनद घेताना एखाद्याला जे वाटत असेल ते मला क्षणभर वाटले. मग सौ.कडे वळून तो म्हणाला, "आजी, तुमचं बाई म्हणून काढू का ज्येष्ठ म्हणून? दोन्हीकडं अर्धंच आहे."

"बाई म्हणूनच काढ, बाळ," त्या म्हणाल्या. "वयाचा पुकारा गाडीभर कशाला?"

गाडीभर हशा पिकला. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने मागे वळून, "बरोबर हाय बाई तुमचं," असा निकाल दिला आणि आपल्या पिशवीतली मूठभर बोरे सौ.च्या ओंजळीत ओतली. आमच्या भागात तिकिटाची चौकशी हा खाजगी व्यवहार नाही. कोण कोठे चालला, का चालला, आणि त्याला किती पडले, हे साऱ्या गाडीला कळल्यावाचून गाडीला वेग येत नाही.

गाव मागे पडले की जत तालुक्याचे खरे रूप दिसू लागते. हा अवर्षणाचा मुलूख. येथे पावसाला मुदत घालून देणारा मामलेदार अजून जन्मास आलेला नाही. परंतु मार्गशीर्षात, परतीच्या पावसाने थोडी जरी कृपा केलेली असली, तरी शाळूची शेते गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढलेली असतात आणि काळ्या रानावर ती गडद हिरवी पट्टी पाहताना, याच रानात उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागते हे खरे वाटत नाही. मधूनच डाळिंबाच्या बागा लागतात; म्हैसाळ योजनेच्या पाण्याविषयी गाडीत कोणी ना कोणी बोलतच असतो; आणि एखाद्या वळणावर माडग्याळी मेंढरांचा कळप रस्ता अडवून उभा राहतो. पोपटासारखे बाकदार नाक आणि लांब पाय घेऊन ही मेंढरे गाडीकडे अशा तुच्छतेने पाहतात, की ड्रायव्हरला हॉर्न वाजवण्याचा संकोच वाटावा.

गुड्डापूर तालुक्यातच असले तरी तेथे पाऊल ठेवताच कानावर पडते ती कानडी. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी जवळच्याच उमराणीत जन्मलेली लिंगम्मा अन्नदानाच्या व्रतामुळे दानम्मा म्हणून पूजिली जाऊ लागली, अशी परंपरा आहे. कार्तिकी अमावास्येला तिची यात्रा भरते आणि तिकडल्या गावागावांतून माणसे पायी चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रेची गर्दी ओसरली होती, पण दासोह, म्हणजे अन्नदान, चालूच होता. "बर्री, कूड्री," असे म्हणत एका स्वयंसेवकाने आम्हांला पंगतीत बसवले. ज्वारीची भाकरी, आमटी, भात आणि गव्हाची गूळ घातलेली दाट हुग्गी पानात पडली. तूप वाढणाऱ्याने माझ्या पानावर क्षणभर हात आखडता घेतला आणि सौ.च्या पानावर सैल सोडला, याचे कारण मी शोधत बसलो नाही. येथे आमचे आधारकार्ड कोणी मागितले नाही, वय विचारले नाही, आणि आम्ही कोणत्या हद्दीतून आलो याचीही कोणाला पडलेली नव्हती. दासोहाच्या पंगतीत सवलत नसते, कारण तेथे मुळात दरच नसतो.

गुड्डापुराहून फाट्यावर येऊन आम्ही विजापूरची एसटी धरली आणि कंडक्टरने एक नवा हिशेब मांडला. "आजोबा, हद्दीपर्यंत तुमचं शून्य, पुढं फुल्ल. आजींचं हद्दीपर्यंत अर्धं, पुढं फुल्ल." म्हणजे राज्याची सीमा ओलांडताक्षणी माझे वार्धक्य आणि त्यांचे स्त्रीत्व या दोहोंचीही किंमत शून्य होत होती. मी खिडकीतून ती सीमा पाहण्यासाठी डोळे ताणून बसलो. पण कानडी बोलणे तर जत सोडल्यापासून ऐकू येत होते, आणि कर्नाटकात शिरल्यावरही चहाच्या टपरीवरचा माणूस मराठीत उत्तर देत होता. शाळू तोच, माती तीच, बैलांच्या शिंगांचा रंगही तोच. भाषेची हद्द, पिकाची हद्द आणि भाड्याची हद्द या एका जागी नसतात हे महसूल खात्यात काढलेल्या आयुष्यात मला ठाऊक असायला हवे होते असे कोणी म्हणेल, तर मी म्हणेन की कागदावरची हद्द आणि खिशाला लागणारी हद्द यांत अंतर आहे. एकेकाळी डफळ्यांचे जत संस्थान इंग्रजांच्या विजापूर एजन्सीखाली होते, आणि १९५६ च्या नोव्हेंबरापर्यंत विजापूर जिल्हाही आमच्याच मुंबई राज्यात होता. आमच्या आजोबांच्या पिढीला विजापूर हे परके गाव नव्हते. ते जिल्ह्याचे, बाजाराचे आणि कोर्टकचेरीचे गाव होते.

विजापुरात शहरबसमध्ये आमच्या शेजारी इंडीकडचे एक शेतकरी जोडपे बसले. बाईंनी कमरेच्या चंचीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले आधारकार्ड काढले, कंडक्टरने त्यांना फुकट तिकीट दिले आणि त्यांच्या यजमानांकडून रोख भाडे घेतले. कर्नाटकाने २०२३ च्या जूनपासून आपल्या रहिवासी स्त्रियांना साध्या गाड्यांत प्रवास मोफत केला आहे. सौ.नीही मोठ्या उमेदीने आपले कार्ड पुढे केले. कंडक्टरने पत्ता वाचला, "सांगली जिल्हा, महाराष्ट्र" असे मोठ्याने म्हटले, मान हलवली आणि हसून पुरे तिकीट फाडले. इंडीच्या बाईंना याचे फार वाईट वाटले. कानडीत मराठी मिसळून त्या सौ.ना म्हणाल्या, की बाई ती बाईच, त्यात इकडची काय आणि तिकडची काय! त्यांचे यजमान गंभीरपणे म्हणाले, "ही आता रोज माहेरी जायला निघते, मी तिकिटाच्या पैशासाठी मागं राहतो."

या एका प्रसंगात युरोपच्या पासांचे मर्म मला सापडले. आमच्या मुलीला युरेल पास मिळत नाही, कारण ती युरोपची रहिवासी झाली. तिच्यासाठी १९७२ साली तरुणांकरिता सुरू झालेला आणि आता सर्वांना खुला असलेला इंटररेल पास आहे. तो सगळीकडे चालतो, परंतु ज्या देशात आपण राहतो त्या देशात त्यावर एकदा बाहेर जाण्याचा आणि एकदा परतण्याचा, एवढाच प्रवास करता येतो. आम्ही जतकर जर्मनीत पासावर हवे तितके हिंडू आणि जर्मनीत घर करून राहिलेली आमची लेक मात्र आपल्याच देशात पास मिटून ठेवील. एखादा मराठी मुलगा तिकडे नोकरीला असतो आणि त्याची बायको अजून इकडेच राहत असते, पाहुणी म्हणून त्याच्याकडे जाते. अशा जोडप्याच्या हातात रीतीप्रमाणे दोन निराळे पास येतात. लग्नाच्या दाखल्याची नोंद कोठल्याही रेल्वेच्या खिडकीवर होत नाही. तेथे पाहिला जातो तो रहिवासाचा दाखला.

विजापूरच्या खानावळीत जेवणे हा एक संस्कार आहे. कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी, तेलात मुरलेले भरले वांगे, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, मेथीची पाने आणि घट्ट दही. पानात भाकरी संपण्याची वाट वाढपी पाहत नाही. ती अर्धी असतानाच दुसरी येऊन पडते, आणि नको म्हणणे म्हणजे लाजणे, असे तो धरून चालतो. आमच्या जतेत भाकरी थोडी जाड, पोटाला आधार देणारी. ही विजापुरी भाकरी अलवार, जणू नबाबी दरबारात वाढलेली. सौ.नी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ती कशी थापतात हे पाहून घेतले. थापणारी बाई पिठाला कढत पाणी घालून बराच वेळ मळत होती आणि भाकरी हातावर न घेता पाटावरच फिरवत होती; डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती काठाकडून पातळ होत जाई, आणि मग पाण्याचा हात फिरवून ती तव्यावर पडे.

दुपारी गोल घुमटात गेलो. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. तिच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि त्याला आतून एकाही खांबाचा टेकू नाही. वरच्या सज्जात भिंतीला कान लावून बसले, की पलीकडच्या टोकाला कुजबुजलेला शब्द आपल्यापर्यंत येतो. एरवी तेथे शाळेच्या सहलीतली पोरे अशी काही आरोळी देतात, की कोणाचा शब्द कोणाचा हे कळू नये. सुदैवाने त्या वेळी थोडी शांतता होती. सौ. पलीकडे जाऊन बसल्या आणि भिंतीतून मला स्पष्ट ऐकू आले, "अहो, व्हिएन्नाला तुम्ही एकटे जाणार, तर औषधं कोण देणार?" साडेतीनशे वर्षांहून जुन्या त्या वास्तूने हा सवाल कमीजास्त न करता माझ्या कानी पोहोचवला, आणि उत्तर देण्याऐवजी मी खालच्या कबरींकडे पाहत राहिलो. सायंकाळी इब्राहिम रौजा पाहिला. राणी ताज सुलतानासाठी आरंभलेल्या त्या कबरीत पुढे १६२७ साली इब्राहिम आदिलशहालाही विसावा मिळाला. गोल घुमटाच्या विशालतेपेक्षा या नाजूक दगडी जाळ्यांच्या इमारतीत सौ.चे मन अधिक रमले. तेथून निघण्याची घाई मलाच होती, त्यांना नव्हती.

रात्री लॉजमध्ये नकाशा पुन्हा उघडला. पूर्वी युरेलवाल्यांकडे जोडप्यांना फार सोयीचा असा 'सेव्हर' पास असे, हे मी सौ.ना सांगितले. दोन ते पाच माणसांनी तो मिळून काढायचा, सगळ्यांची नावे एकाच कागदावर, आणि त्याबद्दल प्रत्येकाला काही सूट; अट एवढीच, की त्या सर्वांनी प्रत्येक गाडीत बरोबरच असले पाहिजे. तो आता बंद झाला आहे. "म्हणजे नवराबायकोनं एकत्र राहायचं, त्याबद्दल कंपनीनं पैसे द्यायचे!" सौ. म्हणाल्या. "बंद पडणार नाही तर काय?" हसण्यावारी गेलेल्या त्या बोलण्यात एक तथ्य मात्र होते. त्या पासाने वाट कोणती घ्यावी हे सांगितले नव्हते. सोबत सोडू नये, एवढेच सांगितले होते. आजच्या पासांत उलट आहे. सोबत कोणाची हे कोणी विचारत नाही, वाट मात्र पास ठरवतो. फ्रान्सच्या अतिवेगवान गाडीत पास असूनही आसनाचे पैसे निराळे द्यावे लागतात, म्हणून पासधारक आडमार्गाच्या साध्या गाड्या शोधतो. स्विस पासात आगबोटी, शहरातल्या ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालये येतात, म्हणून तो धारण करणारा मनुष्य, एरवी ज्याला संग्रहालयाची गोडी नाही तोही, दारोदार जुनी घड्याळे पाहत फिरतो. आमच्याकडेही गाडीत ओळखीचे म्हातारे भेटतात, जे भाडे माफ झाल्यापासून नव्याने देवभक्त झाले आहेत. त्यांच्या पत्नी मात्र अर्धे तिकीट पडते म्हणून घरी राहतात. एकाला शून्य आणि दुसऱ्याला अर्धे, एवढ्या अंतरानेसुद्धा संसारातल्या वाटा वेगळ्या होऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी विजापुरास आम्ही सोलापूर-कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. रेल्वेत पूर्वी साठ वर्षांच्या पुरुषाला चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला पन्नास टक्के सवलत असे. मार्च २०२० मध्ये ती थांबली ती थांबलीच. त्यामुळे या गाडीत आम्ही दोघेही पुऱ्या तिकिटाचे धनी होतो. सौ.ना याचे दुःख होण्याऐवजी समाधानच वाटत होते. "इथं तरी तुमचा रुबाब नाही," असे म्हणून त्यांनी खिडकीची जागा पटकावली.

इंडीच्या पुढे डब्यात लिंबांच्या पाट्या चढल्या आणि सारा डबा त्या आंबट वासाने भरून गेला. पाटीवाल्याने एक लिंबू नखाने किंचित सोलून सौ.च्या नाकाशी धरले. विकायचे म्हणून नव्हे, इंडीचे लिंबू काय असते हे त्यांना कळावे म्हणून. समोरच्या कुटुंबाने फडके सोडले. न विचारता दोन भाकऱ्यांवर चटणी घालून त्या आमच्यापुढे सरकवल्या, आणि आम्ही दानम्माचा प्रसाद त्यांच्या हातावर ठेवला. मुलगी सांगते, की जर्मनीच्या गाड्यांत शांततेचे राखीव डबे असतात, जेथे फोनवर बोललेलेही खपत नाही. तेथे शेजारी तासन्‌तास बसलेल्या माणसाचे गाव कोणते हे उतरेपर्यंत कळत नाही, आणि कळवणे हा आगाऊपणा समजला जातो. मला त्यात दोष दिसत नाही. ज्या देशात थंडीत सहा महिने दारे बंद ठेवावी लागतात, तेथे माणसाने मनाचे दारही जपून उघडावे हे साहजिक आहे. आमच्याकडे घराला दार असले तरी ते दिवसभर उघडेच. गाडीचा डबा हे त्या उघड्या ओसरीचेच पुढचे टोक. फक्त एवढेच मनात आले, की ज्या सौ. दोन स्थानकांच्या अंतरात लिंबाचा भाव, पाटीवाल्याच्या सुनेचे माहेर आणि शेजारणीच्या गुडघ्याचे दुखणे जाणून घेतात, त्यांना त्या निःशब्द वेगवान गाडीत बसवणे ही त्यांना शिक्षाच झाली असती. जर्मनीतल्या साध्या, प्रत्येक खेड्यात थांबणाऱ्या गाडीत, जिच्यात शाळेची पोरे, सायकलवाले आणि बाजाराला निघालेल्या आज्या चढतात-उतरतात, त्यांना निदान कोणी तरी हसून पाहणारे भेटेल.

भीमा ओलांडून गाडी सोलापुरास आली, तेथून कुर्डुवाडीस. ज्या कुर्डुवाडीहून कॅलथ्रॉपची छोटी गाडी निघत असे, तेथे आता सारे रूळ रुंद झाले आहेत. त्या छोट्या गाडीतून वारकरी आणि वाणसामान एकाच हिशेबाने जात असे. तिच्यातून उतरून, लघुशंका करून, धावत येऊन पुन्हा चढता येते, अशी तिची ख्याती मी लहानपणी ऐकली होती. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात, जिला इकडे चंद्रभागा म्हणतात तीच विजापूरच्या बाजूला ओलांडलेली भीमा आहे हे ध्यानात घेऊन, आम्ही हातपाय धुतले. देवळात मात्र विठ्ठलाचे दर्शन एका ठिकाणी आणि रखुमाईचे दुसऱ्या ठिकाणी. ज्या देवाच्या पायी अठरापगड जातींनी वाट तुडवली, त्याच्या स्वतःच्या संसारातही बाक एक नाही, हे पाहून सौ.नी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, की युरेल पासाविषयीचा माझा उरलासुरला आग्रह त्या गर्दीतच कोठे तरी पडून गेला असावा.

पंढरपुराहून सांगोल्यामार्गे गाडी माणदेशाच्या उघड्या रानातून येते. बाभळी, मेंढरे, दूरवर एखादे खोपटे आणि मध्येच डाळिंबाच्या हिरव्या ठिपक्यांची बाग. जत रोडला उतरलो तेव्हा फलाटावर उतरणारे थोडकेच होते, आणि गावाकडे जाण्यास एसटी नव्हती. होते ते वडाप. जीपवाल्याजवळ ना शून्याचे तिकीट ना अर्ध्याचे. त्याच्या लेखी तरुण, वृद्ध, स्त्री, पुरुष, कन्नडिग आणि मराठी सारे एका भाड्याचे, आणि नऊ माणसांच्या जागेत चौदा बसवण्याचे त्याचे गणित सर्वांना समान लागू. तरी त्याने पुढच्या सीटवरच्या दोन तरुणांना मागे पिटाळले आणि म्हणाला, "आजी, तुम्ही पुढं बसा. आजोबा, तुम्ही पण." ज्याच्यापाशी सवलतीचा एकही नियम नव्हता त्या माणसाने आम्हा दोघांना मिळून एक जागा दिली.

घरी आल्यावर मी मुलीला पत्र लिहिण्यास बसलो, सौ.नी मजकूर सांगितला आणि मी तो कचेरीतल्या सवयीने कलमवार उतरवला. पहिले कलम असे, की आजोबांनी आपला युरेल पास घ्यावा, पण दुसऱ्या वर्गाचा. पहिल्या वर्गाचा पास घेऊन एकट्याने गादीवर बसण्याचा हक्क त्यांना राहणार नाही. दुसरे, जर्मनीत जी गाडी आजीच्या मासिक तिकिटावर चालत नाही, ती आजोबांच्या पासावर चालत असली तरी त्यांनी ती धरू नये. पास साध्या गाडीतही चालतो, आणि साध्या गाडीत आसनाचे निराळे पैसेही पडत नाहीत. तिसरे, व्हिएन्ना आणि प्राग येथे दोघांनी मिळून जावे आणि त्या दिवसांपुरते आजीने पुरे तिकीट काढावे. ते आगाऊ काढल्यास स्वस्त पडते, असे मुलीनेच कळवले आहे. चौथे, स्विस हद्द ओलांडल्यावर आजीचा पास मोठा होतो आणि आजोबांचा लहान. तेथे आगबोट, ट्राम आणि संग्रहालय यांचे जे तिकीट आजोबांना पडेल ते त्यांनी स्वखुशीने, कुरकूर न करता द्यावे. मसुदा वाचून दाखवल्यावर सौ.नी 'स्वखुशीने' हा शब्द खोडायला लावला, कारण त्यांच्या मते खोटा शब्द लिहून कागद बिघडवू नये. 'कुरकूर न करता' एवढे मात्र त्यांनी तसेच ठेवले आणि खाली सही करण्यासाठी लेखणी माझ्या हाती दिली.